आधी दिंडी ठरवा, तिकीट नंतर

पत्र : नमस्कार ताई. मी मानेवाड्याला राहते. वय ६१, शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. यंदा माउलींच्या पालखीसोबत आळंदीहून पायी पंढरपूरला जायचं नक्की केलं आहे. बीपीची गोळी सुरू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. सोबत गल्लीतल्या दोघी आहेत. एक माझ्याच वयाची आणि दुसऱ्या ७६ वर्षांच्या आजी, चालण्यात आम्हां दोघींना मागे टाकतील अशा. अडलंय ते आळंदीला पोचण्यावर. गेल्या वर्षीची तारीख बघून आम्ही १७ जूनची तिकिटं काढणार होतो, पण आजी म्हणाल्या, 'थांबा, यंदा अधिक आहे.' मैत्रीण ट्रॅव्हल्सनं जाऊ म्हणते. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे. तो म्हणतो, विमानाचं तिकीट काढून देतो, माझ्याकडेच उतर, आळंदीच्या गर्दीत जाऊच नको, पालखी पुण्यात आली की तिथून लाग. आणि आमच्या ह्यांचं म्हणणं, 'गाडीनं जाऊन कायची वारी? वारी घरच्या उंबऱ्यापासून पायी असते.' ते एकदा बोलले आणि ते मनातून जातच नाही. कशानं जावं, किती दिवस आधी जावं, आणि ह्यांचं म्हणणं खरं आहे का, तेवढं सांगा. दिंडीचं काय ते आळंदीत गेल्यावर बघू असं ठरवलं आहे.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर :

ताई, शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळी गोम तिथेच आहे. दिंडी आळंदीत गेल्यावर बघायची नसते. ती नागपुरात बसून ठरवायची असते, आणि ती ठरली की तुमचे अर्धे प्रश्न आपोआप निकालात निघतात. कदाचित तिकिटाचासुद्धा.

माउलींच्या सोहळ्यात रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येक दिंडीला नंबर असतो, तिचा ट्रक असतो, तंबू असतात, स्वयंपाकाची माणसं असतात. तुम्ही भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली की दोन वेळचं जेवण, सकाळचा चहा, रात्री पाठ टेकायला जागा आणि सामान वाहायला ट्रक इतकं मिळतं. दिंडीत नाव न घालता चालणारेही हजारो असतात, मोकळा समाज म्हणतात त्यांना. वाटेत कोणी ना कोणी पंगतीला बसवतं, उपाशी कोणी राहत नाही. पण रात्री पावसात कुठल्या शाळेच्या व्हरांड्यात जागा मिळेल का, हे शोधत फिरणं पहिल्याच वर्षी, साठी ओलांडल्यावर आणि सोबत ७६ वर्षांच्या आजी असताना? मी तरी नाही म्हणेन.

नागपुरात दिंडी शोधणं अवघड नाही. तुमच्या भागातल्या विठ्ठल मंदिरात रोज हरिपाठाला बसणारी मंडळी असतात, त्यांच्यात दोन-तीन जण तरी वारी केलेले निघतातच. तिथे नाही जमलं तर धापेवाड्याला जाऊन या. विदर्भाची पंढरी म्हणतात तिला, तिथल्या देवळात वारकऱ्यांची उठबस बारमाही असते. कोण कुठल्या नंबरच्या दिंडीत जातं, भिशी किती, महाराज कसे आहेत, सगळं तिथे एका बैठकीत कळेल.

दिंडीच्या मालकांना, म्हणजे चालकांना, फोन कराल तेव्हा संकोच न करता विचारा. बायकांचा तंबू वेगळा आहे का? अंघोळीला आडोसा असतो का, पाण्याचा टँकर असतो का? आळंदीत उतरायची जागा कुठली? जेवण कुठल्या तिथीपासून सुरू होतं? काही दिंड्या सप्तमीपासून पंगत घालतात, काहींची चूल आळंदी सोडल्यावरच पेटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नागपूरहून तुमचं वाहन निघतं का? विदर्भातल्या बऱ्याच दिंड्या इथून ट्रक आणि सोबत एखादी बस करूनच आळंदीला जातात. तुमची दिंडी तशी निघाली, तर 'कशानं जावं' हा प्रश्नच उरत नाही. माणसं ओळखीची होतात, वळकटी एकदा ट्रकमध्ये पडली ती पंढरपुरापर्यंत तुम्हाला उचलावी लागत नाही, आणि आळंदीत उतरल्यावर 'आता कुठे जायचं' म्हणून रस्त्यात उभं राहायची वेळ येत नाही. म्हणून म्हटलं, तिकिटाचं नंतर.

आता तारखेचं. आजींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी तुमचे पैसे वाचवले. पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं, देहूची तुकोबांची पालखी आदल्या दिवशी, सप्तमीला. २०२५ मध्ये ही अष्टमी १९ जूनला आली होती. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. वारी निज महिन्यात, त्यामुळे सगळं जवळजवळ तीन आठवडे पुढे सरकलं. आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि प्रस्थान जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात. नेमकी तारीख दिंडीकडूनच घ्या, कारण ते लोक मुक्कामांचं पत्रक छापतात आणि त्यात तिथी-तारीख, गाव, विसावा, सगळं ओळीने असतं. ते पत्रक हातात आल्याशिवाय कुठलंही तिकीट काढू नका.

रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या गाडीसाठी मे उजाडताच तयार राहायचं. दिंडीची बस नसेल आणि स्वतःच जायचं असेल, तर माझं मत रात्रीच्या गाडीला. नागपूरहून संध्याकाळी निघून सकाळी पुण्याला पोचणारी गाडी घ्या, म्हणजे रात्रभर आडवं होता येतं आणि पुढचा आळंदीचा टप्पा दिवसाउजेडी होतो. अजनीहून पुण्याला वंदे भारत सुरू झाल्यापासून सगळे तिचंच नाव घेतात. गाडी छान आहे, वाद नाही. पण ती सकाळी निघते आणि बारा तास बसून रात्री दहाच्या सुमारास पुण्यात उतरवते. बारा तास पाय लोंबकळत बसलं की आपल्या वयात घोटे सुजतात, आणि रात्री दहाला तीन बायकांनी वळकट्या घेऊन आळंदीची गाडी शोधायची हे मला पटत नाही. मुलगा स्टेशनवर घ्यायला येणार असेल तर गोष्ट वेगळी. आझाद हिंद एक्स्प्रेस हावड्याहून येते, त्यामुळे नागपुरात ती वेळेवर येईलच यावर विसंबू नका. जुलैत पाऊस, त्यात लांबची गाडी. महाराष्ट्र एक्स्प्रेस थांबत थांबत जाते, पण तिकीट मिळण्याची शक्यता तिच्यात बरी असते.

एक बारकावा लक्षात ठेवा, एजंट सहसा सांगत नाहीत. ४५ वर्षांवरील बायकांना आणि ज्येष्ठांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर लागू होतो. तुम्ही तिघींचं एकच तिकीट काढलंत तर कोटा गेला. मग ७६ वर्षांच्या आजींना वरच्या बर्थवर कोण चढवणार? दोघींचं एक आणि एकीचं एक, अशी दोन तिकिटं काढा. डबा वेगळा आला तरी चालेल, रात्र झोपेतच जाणार आहे. तात्काळच्या भरवशावर तर अजिबात राहू नका. गाडीच्या आदल्या दिवशी एसीसाठी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला खिडकी उघडते, ऑनलाइनला आता आधारची पडताळणी लागते, आणि वारीच्या दिवसांत ती तिकिटं डोळ्यांदेखत संपतात. वेटिंगचं तिकीट घेऊन आरक्षित डब्यात चढू देत नाहीत, तेव्हा 'टीसी बघून घेईल' हा जुना आधारही गेला. ज्येष्ठांची रेल्वेची सवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र तुम्हां दोघींना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी पार केलेल्या आजींना फुकट. पैशांचा प्रश्न असेल तर गणेशपेठच्या स्थानकावर चौकशी करा. फक्त इतका लांबचा प्रवास एसटीच्या बाकावर बसून करायचा आणि लगेच चालायला लागायचं, याचा विचार करा.

ट्रॅव्हल्सबद्दल मैत्रीण म्हणते त्यात तथ्य आहे. समृद्धी महामार्गामुळे बैद्यनाथ चौकातून निघालेल्या गाड्या पूर्वीपेक्षा लवकर पोचतात, आणि स्लीपर असेल तर पाठ टेकता येते. मला खटकतं ते दुसरंच. बाथरूमसाठी गाडी थांबवायला सांगायची तर ड्रायव्हरच्या मनावर. मग बायका काय करतात? दुपारपासून पाणीच पीत नाहीत. बीपीची गोळी, पाणी नाही, रात्रभर एसीचा वारा, आणि दोन दिवसांनी तीस किलोमीटर चालायचं. रेल्वेत निदान डब्यात सोय आहे. ट्रॅव्हल्सनेच जाणार असाल तर गाडी नगर रस्त्याने वाघोलीकडून पुण्यात शिरते हे ध्यानात ठेवा, आणि उतरायचं ठिकाण आधीच मुलाला कळवा.

विमानात वाईट काही नाही. उलट लोहगावचा विमानतळ आळंदीला पुणे स्टेशनपेक्षा जवळ पडतो, विश्रांतवाडी-दिघी मार्गे. पण विमानात तुम्ही एकट्या जाल आणि त्या दोघी रेल्वेने येतील, म्हणजे सोबत पहिल्याच दिवशी सुटली. मुलगा तिघींची तिकिटं काढणार असेल तर खुशाल जा.

आता किती दिवस आधी. षष्ठीला आळंदीत पोचा, फार तर सप्तमीच्या सकाळी. अष्टमीला, म्हणजे प्रस्थानाच्या दिवशी, बाहेरून येऊन आळंदीत शिरू असा बेत करू नका. त्या दिवशी गावात वाहनं सोडत नाहीत, बस अलीकडेच देहूफाट्याला किंवा चऱ्होली फाट्याला थांबवतात आणि उरलेलं अंतर ओझ्यासकट पायी. पुणे स्टेशनपासून आळंदी वीस-बावीस किलोमीटर. एरवी पीएमपीच्या बसने तासाभरात पोचाल, वारीच्या दिवसांत जादा बसही असतात, पण वेळेचा हिशेब धरू नका. स्टेशनबाहेर आलात की विचारायची गरजही पडत नाही. पांढऱ्या टोप्या, खांद्यावर पताका, डोक्यावर वळकट्या ज्या बाजूला चालल्यात, त्या बाजूला बस. कंडक्टर 'माउली, आत सरका' म्हणून ओरडत असतो, आणि आत सरकायला जागा नसते. एकीने आजींचा हात धरायचा, एकीने पिशव्यांकडे बघायचं, हे बसमध्ये चढायच्या आधी ठरवा.

खरं तर इथे मुलाला काम द्या. त्याला आळंदीची गर्दी नको वाटते ती तुमच्या काळजीपोटी, म्हणून त्याची काळजी कामाला लावा. त्याने सकाळी तुम्हां तिघींना स्टेशनवर घ्यावं, घरी नेऊन अंघोळ-जेवण करवावं, आणि दुपारी दिंडीच्या जागेवर नेऊन सोडावं. षष्ठीला गाडी बऱ्यापैकी जवळ जाते. त्याने दिंडीची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, चालकांचा फोन नंबर घेतला, की त्याचा जीव निम्मा शांत होईल.

'पुण्यातून लाग' हा त्याचा सल्ला वाईट नाही. पुष्कळ लोक पुण्यातूनच लागतात आणि त्यांची वारी कमी प्रतीची होत नाही. पण तुमच्यासाठी मला आळंदी बरी वाटते, आणि कारण भक्तीचं कमी, सोयीचं जास्त आहे. पालखी पुण्यात दोन रात्री थांबते, माउली भवानी पेठेत आणि तुकोबा नाना पेठेत. दिंड्या मात्र शहरभर पांगतात. कोण मंगल कार्यालयात, कोण शाळेत, कोण कुणाच्या वाड्यात. चेहरा न पाहिलेली दिंडी त्या गर्दीत शोधायची म्हणजे कठीण. आळंदीत दोन रात्री एका छताखाली काढल्या की स्वयंपाकाच्या काकूंपासून ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे तुम्हाला ओळखतात. पंगतीत तुम्ही दिसला नाहीत तर 'मानेवाड्याच्या ताई कुठे गेल्या' म्हणून कोणीतरी विचारतं. नवख्या माणसाचं सगळ्यात मोठं संरक्षण तेच.

आळंदीतले ते दोन दिवस फिरण्यात घालवू नका. समाधीचं दर्शन षष्ठीला किंवा सप्तमीला पहाटे लवकर उरकलं तर ठीक, नंतर रांग इतकी लांबते की पाय तिथेच दुखायला लागतात. रांग फार दिसली तर महाद्वारात, पालखी सोहळा सुरू करणाऱ्या हैबतबाबांच्या पायरीला हात लावून, कळसाला नमस्कार करून परत फिरा. इंद्रायणीत पाय धुवा, डोक्याला पाणी लावा, पण तोंडात घेऊ नका. नदीवर फेस तरंगत असल्याच्या बातम्या वारीच्या दिवसांतसुद्धा येतात. प्यायचं पाणी दिंडीचं किंवा बाटलीचं.

प्रस्थान अष्टमीला संध्याकाळकडे होतं. देवळात मानाच्या दिंड्यांनाच सोडतात, तेव्हा आत जाऊन बघायची आशा धरू नका आणि चेंगराचेंगरीत तर मुळीच शिरू नका. घाटावर जागा धरा. माउलींचे अश्व आत जातात, टाळांचा आवाज वाढत जातो, आणि सगळ्यांच्या माना कळसाकडे. कळस हलला की माउली निघाले, असं मानतात. शेजारचा माणूस 'हलला, हलला' म्हणेल, तुम्हालाही हललेला दिसेल. त्या रात्री पालखी आळंदीतच आजोळघरी मुक्कामाला असते. खरी चाल नवमीच्या पहाटेपासून.

आणि तो पहिला दिवस छोटा नाही. आळंदी ते पुणे हीच तीसेक किलोमीटरची मजल आहे. मग पुण्यात एक दिवस विश्रांती, आणि लगेच पुणे ते सासवड, दिवेघाट चढून. ती मजल तीस किलोमीटरच्या वर जाते, आणि बहुधा त्याच दिवशी योगिनी एकादशी येते. म्हणजे सगळ्यात अवघड चढ आणि पोटात साबुदाणा. बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाने त्या दिवशी निर्जळी वगैरे भानगडीत पडू नये. केळी, राजगिऱ्याचे लाडू, मीठ-साखरेचं पाणी जवळ ठेवा आणि निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना उपासाच्या दिवसाबद्दल मुद्दाम विचारा. हे मी इतकं सांगते कारण प्रवासाचा शीण घेऊन आळंदीत उतरलेला माणूस पहिल्या दिवशी उत्साहात चालून जातो आणि दिवेघाटात बसतो. पुण्यातल्या विश्रांतीच्या दिवशी मुलाकडे जाऊन कपडे धुवा, डाळ-भात खा, पण मुक्कामाला दिंडीत परत या. दिंडी पहाटे निघते आणि रस्ते बंद असतात, हिंजवडीहून ती गाठणं जमायचं नाही.

आता तुमच्या यजमानांकडे येते. त्यांचं म्हणणं निराधार नाही. मघाशी ज्या अश्वांचं सांगितलं, ते कर्नाटकातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. ते घोडे अंकलीहून आळंदीपर्यंत तीनशेच्या आसपास किलोमीटर चालत येतात आणि मग पुढे पंढरपूर. ट्रकमध्ये घालून आणणं सहज शक्य असतानाही चालत येतात. आपल्याकडे कौंडिण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी आहे. वर्धा नदीच्या काठावरून, अमरावती जिल्ह्यातून ती थेट पंढरपूरपर्यंत पायी जाते, आळंदीच्या बरीच आधी निघून. शेगावहून गजानन महाराजांची पालखी जाते, महिनाभराहून जास्त चालत, आणि तिची शिस्त तर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलेली आहे. पण तिच्यात कोण चालणार हे संस्थान ठरवतं, आयत्या वेळी जाऊन उभं राहता येत नाही. तेव्हा घरापासून पायी ही जुनी रीत आहे, नाही कशाला म्हणू.

पण ताई, आळंदीला आलेल्या लाखोंपैकी बहुतेक जण रेल्वेतून, एसटीतून, टेम्पोतून उतरलेले असतात. मराठवाड्यातली, खानदेशातली, कोकणातली माणसं पेरणी उरकून मिळेल त्या वाहनाने येतात, कारण शेत आणि घर महिना-दोन महिने सोडता येत नाही. त्यांना कोणी 'तुमची वारी कायची' असं विचारत नाही. दिंडीत तुमचा जो विणेकरी असेल ना, त्यालाच विचारून पाहा आळंदीला कशाने आला ते. माउलींची वारी आळंदीला सुरू होते, तुम्ही आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पायी चालणार आहात. यात कुठे खोट आहे, मला दिसत नाही.

आणि यजमानांना उंबऱ्यापासून पायी जाण्याची एवढी ओढ असेल तर त्यांनाही वाट मोकळी आहे. मानेवाड्याहून धापेवाडा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. आषाढीला तुम्ही पंढरपुरात असाल तेव्हा त्यांनी घरून निघावं, वाटेत एक मुक्काम करावा आणि तिथल्या विठोबाच्या पायांवर डोकं ठेवावं. तुम्ही नसताना स्वयंपाकाचं काय, हा त्यांच्या बोलण्यामागचा खरा प्रश्न असेल तर तो मात्र वारीचा नाही. तो निघण्याआधी मोकळेपणाने बोलून टाका, आळंदीपर्यंत सोबत नेऊ नका.

सामानाचं थोडक्यात सांगते. दोन ओझी करा. मोठं ट्रकसाठी, छोटं खांद्यावर. मोठ्यावर दिंडीचा नंबर आणि तुमचं नाव तेलरंगाने लिहा, कागदाची चिठ्ठी पहिल्या पावसात जाते. गोळ्या, चष्मा, आधारची झेरॉक्स, सुट्ट्या नोटा, मेणकापड आणि एक कोरडं लुगडं किंवा ड्रेस खांद्यावरच्या पिशवीत. ट्रक रात्री मुक्कामावर पोचतो, कधी तुमच्या नंतर पोचतो, आणि गोळीची वेळ ट्रकची वाट बघत नाही. आळंदीत आणि पुण्यात लाखो मोबाइल एकाच वेळी सुरू असतात, फोन लागतोच असं नाही, यूपीआयचंही तेच. म्हणून चालकांचा आणि मुलाचा नंबर कागदावर लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून, ब्लाउजच्या आत पिन करून ठेवा. आजींच्याही. चप्पल किंवा बूट जे घालणार असाल ते आत्ताच घ्या आणि मे महिनाभर पहाटे पाचला, ऊन व्हायच्या आत, त्यावरच चाला. नवी चप्पल घालून वारीला निघालेल्या माणसाचा पाय पहिल्याच मजलेत फोडांनी भरतो. आणि जुलैत आपल्याकडे पाऊस सुरू झालेला असेल, तेव्हा ओल्या मोज्यांनी चालायची सवयही एक-दोनदा करून बघा, फोड तिथेच येतात.

आणखी एक राहिलं, परतीचं. जायच्या तिकिटाच्या नादात सगळे हे विसरतात आणि एकादशीनंतर पंढरपूरच्या स्थानकावर अडकून पडतात. आषाढीला मध्य रेल्वे विशेष गाड्या सोडते, नागपूर ते मिरज आणि नवी अमरावती ते पंढरपूर अशा गाड्या यापूर्वी सोडल्या आहेत. त्यांची घोषणा जूनमध्ये होईल, वर्तमानपत्रावर लक्ष ठेवा आणि परतीची तारीख द्वादशीच्या नंतरची धरा, कारण एकादशीचा उपास द्वादशीला सोडल्याशिवाय तुमच्या आजी पंढरपूर सोडणार नाहीत. मुलाने विमानासाठी बाजूला काढलेले पैसे इथे कामी येतील. सतरा-अठरा दिवस चालून आल्यावर पुण्याहून नागपूर दीडेक तासात गाठायला माझी काहीच हरकत नाही. तेही तिघींना.